नवऱ्याचं व्यसन कोर्टात सिद्ध कसं करायचं? मुलीच्या ताब्याची केस आहे (सोलापूर)

साधी_सोलापुरी | १४ सप्टेंबर २०२५, रात्री ११:२०

नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसतं वाचत आले, लिहायची पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

लग्नाला नऊ वर्षं झाली. मुलगी सहा वर्षांची, पहिलीला आहे. नवऱ्याचं गणवेश शिवायचं युनिट आहे. बारा मशिनी होत्या, आता चार उरल्यात. आधी मित्रांत बसून बिअर, मग झोपेच्या गोळ्या आणि गेली दोन वर्षं एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाचा अमली पदार्थ. एमडी हा शब्द मला २०२३ साली पेपरमुळं कळला, मोहोळच्या एमआयडीसीत कारखाना सापडला तेव्हा. ती बातमी मला मोठ्यानं वाचून दाखवली ती ह्यांनीच. "बघ, कुठं चाललंय आपलं सोलापूर" म्हणाले.

यंदा एप्रिलमध्ये मुलीला शाळेतून आणताना हे गाडीवरून पडले. मुलीच्या हनुवटीला चार टाके. त्याच आठवड्यात मी तिला घेऊन माहेरी आले. जूनमध्ये त्यांनीच मुलीच्या ताब्यासाठी अर्ज टाकला. त्यात लिहिलंय की मी संशयी स्वभावाची आहे, विनाकारण घर सोडलं आणि त्यांना "सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही". हे वाक्य वाचून मी हसले आणि मग रडले.

आमचे वकील म्हणतात, पुरावा आणा. कुठून आणू? कपाटाच्या फळीखाली चिकटवलेली एक पुडी माझ्याकडं आहे, निघताना घेऊन आले होते. ती लॅबमध्ये नेऊन तपासून घेऊ का? केसांची टेस्ट असते म्हणे, ती करायला लावता येते का? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

---

कट्टा_किंग | १४ सप्टेंबर, रात्री ११:४१

ताई, सरळ छळाची ४९८अ टाका. दोन दिवसांत लायनीवर येईल.

---

बार्शी_लाईट | १५ सप्टेंबर, सकाळी ७:०५

मी वकील आहे. वीसेक वर्षं कौटुंबिक प्रकरणंच चालवते. मी तुमची वकील नाही, तुमची कागदपत्रं पाहिलेली नाहीत, तेव्हा हे ढोबळ समजा.

सगळ्यात आधी ती पुडी. लॅबला नेऊ नका, पर्समध्ये ठेवू नका, फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात असा पदार्थ जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, किती का थोडा असेना. उद्या तुमच्या माहेरी ती पुडी सापडली तर आरोपी तुम्ही, आणि समोरचा वकील त्याच दिवशी ताब्याच्या केसमध्ये त्या एफआयआरची प्रत लावेल. आजच तुमच्या वकिलांना फोन करा आणि त्यांच्याबरोबर जाऊन ती रीतसर कशी सुपूर्द करायची ते ठरवा. शिवाय पुरावा म्हणून तिची किंमत शून्य आहे. फळीखाली कुणी ठेवली, मधे पाच महिने कुणाकडं होती, कशाचाच पत्ता नाही.

कट्टा_किंग, ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय आणि ते चाबूक म्हणून वापरायचं कलम नव्हे. क्रूरता झाली असेल तर जरूर तक्रार करावी, पण त्यानं व्यसन सिद्ध होत नाही.

आता मूळ मुद्दा. हिंदू विवाह कायद्यात "व्यसन" असं घटस्फोटाचं वेगळं कारणच नाही. ते कलम १३ मधल्या क्रूरतेतून मांडावं लागतं. आणि ताब्याच्या अर्जात कोर्टाचा प्रश्न "हा माणूस व्यसनी आहे का" एवढाच नसतो. "या माणसाजवळ हे मूल सुरक्षित आहे का" हा असतो. १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात मुलाचं हित सर्वांत वर. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडं, पण तुमची मुलगी सहाची, तेव्हा त्यावर विसंबू नका. नवरा काय घेतो यापेक्षा तो घेतल्यावर मुलीचं काय झालं, कोणत्या तारखेला, कुणी पाहिलं, हे गोळा करा.

खुनाच्या खटल्यासारखं "निःसंशय" सिद्ध करावं लागत नाही. वैवाहिक वादात दोघांतलं कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय वाटतं, ते पाहतात. सुप्रीम कोर्टानं १९७५ साली दास्ताने विरुद्ध दास्ताने या प्रकरणात ते स्पष्ट केलं. आपल्या मराठी जोडप्याचीच केस होती ती.

---

नमुना_नंबर_दोन | १५ सप्टेंबर, दुपारी १:३०

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, होटगी रोडला. जेवायच्या सुट्टीत लिहितोय.

लोकांना वाटतं टेस्ट केली की विषय संपला. तसलं काय नाही. मेडिकलमध्ये मिळणारं लघवीचं कार्ड एमडी पकडेलच असं नाही. नेहमीच्या पाच पदार्थांच्या कार्डात मेफेड्रोन नसतंच. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्रीवाली तपासणी लागते आणि नमुना बाहेरगावी पाठवावा लागतो. तरी लघवीत या असल्या पदार्थांचा माग फार तर दोन-चार दिवस राहतो. गांजा रोज ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभर दिसू शकतो, अधूनमधून ओढणाऱ्याच्या तीनेक दिवस. म्हणजे तारीख आठवडाभर आधी कळली की माणूस स्वच्छ होऊन येतो.

केसांचं वेगळं आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मुळापासून तीन सेंटिमीटर घेतला की मागच्या तीन महिन्यांचा हिशोब निघतो. पण नमुना कोर्टाच्या आदेशानं, ओळख पटवून, समोर घेतलेला, सील केलेला पाहिजे. उशीवरचा केस पाकिटात घालून आणलेल्या बायका मी बघितल्यात. त्या रिपोर्टला कोर्टात कोण विचारणार?

लघवीचा नमुना घेताना पण कुणीतरी समोर लागतं. कपाला तापमानाची पट्टी असते, ३२ ते ३८ अंशाच्या बाहेर गेलं की समजायचं, बाटलीतून ओतलंय. एकानं भावाची लघवी आणलेली. भावाला शुगर निघाली.

---

अक्का_अक्कलकोट | १५ सप्टेंबर, दुपारी ४:१५

बाळ, जेवतेस का वेळेवर? पोरगी कशी आहे? कोर्टकचेरी होईल, आधी तब्येत सांभाळ.

---

हुरडा_हंगाम | १५ सप्टेंबर, रात्री ९:५०

दुसरी बाजू पण लिहितो. राग मानू नका ताई, तुम्ही खोटं बोलताय असं म्हणत नाही.

माझ्यावर माझ्या बायकोनं दारुड्या असल्याचा आरोप केला होता. पुरावा काय, तर शेतात हुरडा पार्टीत हातात ग्लास घेतलेला फोटो. ग्लासात ताक होतं. शेजारी मडकं दिसत होतं तरी. पुढं तिच्या आग्रहावरून टेस्ट झाली, तर कार्डावर अफूजन्य पदार्थाची रेघ आली! मी गार पडलो. दिवाळीचे दिवस, आठवडाभर घरचे खसखस लावलेले अनारसे खात होतो. नंतरच्या खात्रीच्या तपासणीत निल आलं. दोन वर्षं मुलाला महिन्यातून दोनदा भेटत होतो, ते पण घड्याळ लावून.

त्यामुळं जे बघितलं तेवढंच लिहा. "रोज मारायचे, रोज प्यायचे" असलं लिहिलं की उलटतपासात "रोज म्हणजे गणपतीत पण का?" विचारतात आणि खरं असलेलं पण वाहून जातं.

---

नमुना_नंबर_दोन | १५ सप्टेंबर, रात्री १०:२०

खसखशीचं शंभर टक्के खरं आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेतलं तरी तीच रेघ येते. कार्ड म्हणजे चाळणी, निकाल नव्हे. खात्रीची तपासणी वेगळी मागायची.

---

साधी_सोलापुरी | १६ सप्टेंबर, रात्री १२:१०

सगळ्यांचे आभार. अक्का, जेवते हो.

पुडीचं काम वकिलांबरोबर जाऊन आजच मार्गी लावलं. हात थरथरत होते.

आता जे लिहिणार आहे ते वकिलांना पण सांगितलेलं नाही. एप्रिलमध्ये मुलीला टाके घातले तेव्हा दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं पडली? मी म्हणाले, "जिन्याच्या पायरीवरून." मीच म्हणाले. हे शेजारी उभे होते, डोळे लाल. केसपेपरवर तेच लिहिलंय. शाळेत पण तेच सांगितलं. त्याआधी २०२४ मध्ये दीड महिना त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं, तेव्हा सगळ्या नातेवाइकांना सांगितलं की ऑर्डरसाठी सुरतेला गेलेत. सासूबाईंनी सुचवलं आणि मी इतकं छान निभावलं की माझ्या सख्ख्या मावशीला आजही सुरतच वाटतं. केंद्रात कागद मागायला गेले तर "गोपनीय आहे, देता येत नाही" म्हणाले.

नऊ वर्षं झाकत आले. आता उघडं करायचं म्हटलं तर माझेच कागद माझ्याविरुद्ध.

---

बार्शी_लाईट | १६ सप्टेंबर, सकाळी ६:४०

हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या जणींची हीच गोष्ट असते.

उद्याच वकिलांना सांगा आणि शपथपत्रात तुम्हीच आधी लिहा: अमुक तारखेला डॉक्टरांना मी खोटं कारण सांगितलं, नवरा शेजारी उभा होता, घराची अब्रू जाईल म्हणून. ते तुम्ही लिहिलंत तर कबुली. समोरच्यानं केसपेपर काढून तुमच्या नाकासमोर धरला तर खोटेपणा. कागद तोच, पण कुणी पुढं आणला यावर सगळं बदलतं.

केंद्रानं नकार दिला तो बरोबर दिला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही येतात आणि रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचं बंधन आहे. तुम्हाला नाही मिळणार, पण कोर्टाला मागवता येते. केंद्राच्या रेकॉर्ड ठेवणाऱ्याला समन्स काढायचा अर्ज द्या. मला सांगा, पैसे कुणी भरले होते?

---

साधी_सोलापुरी | १६ सप्टेंबर, सकाळी ८:५५

मीच. माझी सोन्याची पाटली मोडून, तीन हप्त्यांत. पावत्या माझ्या नावावर आहेत. बँकेत नोंद आहे. भरतीच्या फॉर्मवर सही पण माझीच.

---

बार्शी_लाईट | १६ सप्टेंबर, सकाळी ९:१०

मग अजून काय पाहिजे! पावती तुमची, सही तुमची, खातं तुमचं. ते दाखल करायला कुणाच्या गोपनीयतेचा भंग होत नाही. सुपारीचं खांडही न खाणारा माणूस दीड महिना तिथं काय करत होता, ते आता त्यानं सांगावं.

आता टेस्टचं. शारदा विरुद्ध धर्मपाल, २००३. सुप्रीम कोर्ट म्हणतं की वैवाहिक वादात कोर्ट वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकतं. पण नुसतं मागितलं म्हणून नाही, आधी सकृद्दर्शनी भक्कम साहित्य लागतं. आणि आदेश होऊनही माणूस नाही म्हणाला तर कोर्ट त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी पावत्या आणि शपथपत्र, मग तपासणीचा अर्ज. उलटं केलंत तर अर्ज फेटाळला जातो आणि समोरचा सावध होतो.

त्यांच्याशी झालेल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग असेल तर तेही ठेवा. पती-पत्नीतलं बोलणं गुपचूप रेकॉर्ड केलंय म्हणून ते नाकारता येत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आत्ता जुलैत आलाय, विभोर गर्ग प्रकरणात. मात्र मूळ फोन जपून ठेवा. फोन बदलू नका, फाईल कापू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र त्याबरोबर लागतं, आणि आता त्यात तज्ज्ञाचा भागही असतो. त्यांच्या फोनचा पासवर्ड फोडून आत शिरू नका, तो वेगळा गुन्हा आहे.

---

कट्टा_किंग | १६ सप्टेंबर, सकाळी ११:००

मुलीलाच सांगू द्या की कोर्टात. लहान मूल खोटं बोलत नाही.

---

बार्शी_लाईट | १६ सप्टेंबर, सकाळी ११:१२

न्यायाधीश वाटल्यास चेंबरमध्ये मुलाशी एकट्यानं बोलतात. पढवलेलं मूल दोन मिनिटांत ओळखू येतं. "पप्पा नार्कोटिक्स घेतात" असं सहा वर्षांची पोर म्हणाली की आईची केस तिथंच बसली. मुलीला यात ओढू नका.

---

आजचा_दिवस | १७ सप्टेंबर, पहाटे ५:३०

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. मी तो नवरा होतो.

नाव-गाव सोडा. सोलापूरचाच. ताडीपासून सुरुवात, ती पण क्लोरल हायड्रेट घातलेली, मग गोळ्या, मग सगळंच. बायकोनं केस केली तेव्हा मीही असंच लिहून दिलं होतं, मी निर्व्यसनी. वकिलानं विचारलंच नाही, मी सांगितलं नाही. कोर्टात उभा असताना खिशात गोळ्या होत्या.

माझ्या बायकोनं कुठलीच टेस्ट मागितली नाही. तिनं शाळेच्या रिक्षावाल्या मामांना साक्षीला आणलं. त्यांनी सांगितलं, या साहेबांकडं पोरगं सोडायला गेलो की दार उघडत नाहीत, मग मी पोराला घेऊन कन्ना चौकात चहाच्या गाड्यावर बसायचो. किती वेळा? म्हणाले, मोजलं नाही, पण चहावाला पोराला नावानं ओळखतो. माझी मान वर आली नाही. माझ्या वकिलानं त्यांना एकच प्रश्न विचारला आणि खाली बसला.

ताबा तिलाच मिळाला, मला कोर्टाच्या आवारात भेटी. आज मला सगळं सोडून साडेचार वर्षं झाली. मधे मीच अर्ज दिला, माझी कधीही अचानक तपासणी करा, पण मुलाला रविवारी घरी न्यायची परवानगी द्या. मिळाली. ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो, परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो. तुमच्या नवऱ्याला कुणीतरी हे सांगायला पाहिजे. स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारी तरतूद एनडीपीएसमध्येच आहे, कलम ६४अ. मला कुणी सांगितली नव्हती. व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६. तुम्हाला स्वतःला बोलायचं असेल तरी लावता येते, घरच्यांसाठीही आहे.

---

अक्का_अक्कलकोट | १७ सप्टेंबर, सकाळी ८:२०

साडेचार वर्षं. शाब्बास रे बाबा.

---

हुरडा_हंगाम | १७ सप्टेंबर, सकाळी ९:००

रिक्षावाले मामा! शाळा, शेजारी, दूधवाला, वॉचमन, युनिटमधले टेलर. कागद यांच्याकडंच असतात, लोकांना वाटतं लॅबमध्ये असतात.

---

साधी_सोलापुरी | १७ सप्टेंबर, रात्री १०:४५

हुरडा_हंगाम, तुम्ही दूधवाला म्हणालात म्हणून आठवलं.

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असतं, त्यावर मी दुधाचा हिशोब लिहिते. रोजचं अर्धा लिटर, जादा घेतलं की १, नाही घेतलं की फुली. त्यातच कोपऱ्यात बारीक अक्षरात "आ. ना." असं लिहायची. आले नाहीत. सासूबाई बघतील म्हणून पूर्ण लिहीत नव्हते. मुलीला आणायचं विसरले की छोटा गोल. कुठं "५००० उधार, टेलर पगार" असंही आहे. हे कुणाला दाखवायचं म्हणून नव्हतं, सवयीनं लिहिलं. तीन वर्षांची कॅलेंडरं आहेत, आई जुनी कॅलेंडरं पुस्तकांना कव्हर घालायला ठेवते म्हणून निघताना बरोबर आणली. एकाचं कव्हर घालून झालंय, मुलीच्या गणिताच्या वहीला. मार्च २०२४.

आज रात्री ती सगळी जमिनीवर पसरून बसले. मार्च २०२५ मध्ये अकरा वेळा "आ. ना.". मला वाटत होतं चार-पाच असतील.

याचा काही उपयोग आहे का?

---

बार्शी_लाईट | १७ सप्टेंबर, रात्री ११:०५

वहीचं कव्हर काढू नका! वहीसकट ठेवा.

उपयोग? अहो, घटना घडल्या त्याच दिवशी, भांडण कोर्टात जाण्याच्या कितीतरी आधी, कोर्टाचा विचारही मनात नसताना लिहिलेलं आहे हे. आता एकही अक्षर वाढवायचं नाही, पेननं गिरवायचं नाही, "आ. ना."च्या पुढं कंसात अर्थ लिहायचा नाही. दूधवाल्याच्या वहीशी ताडून पाहता येईल, दूध जुळलं की बाकीच्यावरही विश्वास बसतो. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १४ खाली कोर्ट पुराव्याच्या नेहमीच्या चौकटीबाहेरचे कागदही विचारात घेऊ शकतं. वाद सोडवायला ते उपयोगी वाटले की झालं.

---

कट्टा_किंग | १७ सप्टेंबर, रात्री ११:३०

मी आता गप्प वाचतो. 🙏

---

साधी_सोलापुरी | २१ जानेवारी २०२६, रात्री ९:३०

चार महिन्यांनी लिहितेय. बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं, म्हणून.

शपथपत्रात केसपेपरचं खोटं मीच लिहिलं. पावत्या आणि कॅलेंडरं दाखल झाली. कॅलेंडरांना निशाणी क्रमांक पडले तेव्हा गंमत वाटली, भिंतीवरच्या खिळ्यावरून थेट कोर्टाच्या फायलीत. मग तपासणीचा अर्ज दिला. अर्जाच्या सुनावणीच्या आधी चार दिवस हे तिरुपतीला जाऊन डोकं भादरून आले. मिशी पण नाही. आमच्या वकिलांनी कोर्टाला एवढंच सांगितलं की लग्नापासून नऊ वर्षांत हे तिरुपतीला एकदाही गेलेले नाहीत.

---

नमुना_नंबर_दोन | २१ जानेवारी, रात्री ९:४२

छातीचे-पायाचे केस पण चालतात. फक्त महिन्यांचा नीट हिशोब लागत नाही.

---

साधी_सोलापुरी | २१ जानेवारी, रात्री १०:०५

हो, आमच्या वकिलांनीही तेच सांगितलं. आदेश झाला. दोन तारखांना ते हजरच राहिले नाहीत. तिसऱ्या तारखेला त्यांच्याच वकिलांनी पुरशिस (कोर्टात लेखी निवेदन) दिली की तूर्त ताबा आईकडं राहण्यास हरकत नाही. केस अजून चालू आहे, घटस्फोटाचा अर्ज वेगळा. वकील म्हणतात, पुढं अपिलाची वेळ आलीच तर आता सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला जायला नको, ऑगस्टपासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय.

उलटतपासात मला विचारलं, "१३ फेब्रुवारीला गोल पण आहे आणि दूध एक लिटर पण आहे. नवरा घरी नाही आणि मुलगी शाळेतच राहिली, मग जादा दूध कुणासाठी?" मला क्षणभर आठवेना. मग आठवलं. मुलीला शाळेच्या शिपाईमावशी घरी घेऊन आल्या होत्या, संध्याकाळी सात वाजता. त्यांच्यासाठी चहा टाकला होता, आणि मुलीला खीर. ते सांगितलं. त्या मावशी आता साक्षीला यायला तयार आहेत.

भेट महिन्यातून दोन शनिवार, कोर्टाच्या आवारात, दोन तास. गेल्या शनिवारी ते आले. वेळेवर आले. गड्ड्याच्या जत्रेतून मुलीला भिंगरी आणली होती. तिनं घेतली आणि त्यांच्या डोक्याकडं बघत विचारलं, "पप्पा, केस कधी येणार?" ते म्हणाले, "येतील." मग दोघं पायरीवर बसून भिंगरी फिरवत होती. मी लांबच्या बाकावर बसून बघत होते. वारा नव्हता, म्हणून ते फुंकर मारत होते.